फ्लॅश गॉर्डन (क्वीनचा अल्बम)

फ्लॅश गॉर्डन हा क्वीन या ब्रिटिश रॉक गटाचा नववा स्टुडिओ अल्बम होय. माइक हॉजेस दिग्दर्शित याच नावाच्या चित्रपटासाठी गटाने रचलेले संगीत त्यात संकलित केले असून तो ८ डिसेंबर १९८० रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. अल्बममध्ये एकूण १८ रचना आहेत आणि त्यांचा एकत्रित कालावधी सुमारे ३५ मिनिटे आहे. यांपैकी रूढ अर्थाने गाणी म्हणता येतील अशा रचना दोनच आहेत: आरंभीचे शीर्षकगीत आणि अखेरचे 'द हीरो'. मधल्या रचना बहुतांशी वाद्यसंगीताच्या असून त्यांच्यात चित्रपटातील संवाद, स्फोट आणि यानांचे आवाज मिसळलेले आहेत. त्यामुळे हा अल्बम ऐकण्याचा अनुभव गीतसंग्रहापेक्षा नभोनाट्याला अधिक जवळचा ठरतो.

अतिमानवी नायकांच्या चित्रपटांना रॉक संगीताची जोड देणे आज सर्रास आढळते. १९८० मध्ये मात्र एखाद्या प्रस्थापित रॉक गटाने अशा चित्रपटाचे पार्श्वसंगीत स्वतः रचावे, ही गोष्ट दुर्मीळ होती.

पार्श्वभूमी

फ्लॅश गॉर्डन ही चित्रमालिका अमेरिकी चित्रकार अ‍ॅलेक्स रेमंड यांनी निर्माण केली. ती ७ जानेवारी १९३४ पासून वृत्तपत्रांत प्रसिद्ध होऊ लागली. पृथ्वीवरील एक धाडसी खेळाडू, त्याची सहचारिणी डेल आर्डेन आणि शास्त्रज्ञ डॉ. झारकॉव्ह हे तिघे अग्निबाणातून मोंगो नावाच्या ग्रहावर पोहोचतात आणि तेथील जुलमी सम्राट मिंग याच्याशी झुंज देतात, असे तिचे कथासूत्र आहे. मराठी वाचकांना हा नायक अपरिचित नाही. मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांच्याबरोबर फ्लॅश गॉर्डनच्या कथाही प्रसिद्ध होत असत.

फ्लॅशला काटेकोर अर्थाने अतिमानव म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. तो उडू शकत नाही, त्याला बंदुकीची गोळी लागू शकते आणि त्याच्याकडे मंत्र वा तंत्र यांपैकी काहीही नाही. तरीही छातीवर विजेचे चिन्ह, रंगीत पोशाख आणि साऱ्या पृथ्वीच्या रक्षणाची जबाबदारी ही त्या परंपरेची सर्व लक्षणे त्याच्या ठायी आहेत. चित्रपटाचे पटकथाकार लोरेन्झो सेंपल (कनिष्ठ) हे १९६० च्या दशकातील 'बॅटमॅन' दूरचित्रवाणी मालिकेच्या लेखनाशी संबंधित होते आणि त्या मालिकेतील मिस्कील, अतिशयोक्त शैली त्यांनी येथेही वापरली. नायक शक्तीने सामान्य आहे ही बाब संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. तिचा उल्लेख पुढे शीर्षकगीताच्या विवेचनात येईल.

या नायकावर १९३६ पासून चित्रपटमालिका निघाल्या. त्यांतील १९४० च्या मालिकेत फ्रान्झ लिस्ट यांच्या 'ले प्रेल्यूद' या सिंफनिक काव्याचा वापर पार्श्वसंगीत म्हणून केला गेला. १९७७ चा 'स्टार वॉर्स' आणि १९७८ चा 'सुपरमॅन' या दोन्ही चित्रपटांना जॉन विल्यम्स यांनी भव्य वाद्यवृंदाचे संगीत दिले. वीरनायक पडद्यावर आला की तुताऱ्या आणि व्हायोलिन यांचा घोष व्हावा, ही अपेक्षा त्यामुळे प्रेक्षकांच्या मनात पक्की झाली होती. निर्माते दिनो दे लॉरेंतिस यांच्या चित्रपटाने क्वीनची निवड करून या अपेक्षेपासून फारकत घेतली.

क्वीन आणि सिंथेसायझर

क्वीनचे चार सदस्य म्हणजे गायक व पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे, बेस गिटारवादक जॉन डीकन आणि ड्रमवादक रॉजर टेलर. मर्क्युरी यांचे मूळ नाव फारोख बुलसारा. झांझिबार येथे पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण पाचगणी येथील सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथेच ते पियानो शिकले आणि शाळासोबत्यांच्या 'हेक्टिक्स' नावाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले.

१९७० च्या दशकातील आपल्या अनेक तबकड्यांच्या वेष्टनावर क्वीनने 'यात सिंथेसायझर वापरलेला नाही' अशा आशयाची सूचना छापली होती. श्रोत्याला जे चमत्कारिक आवाज ऐकू येतात ते गिटार आणि मानवी कंठ यांतूनच निघालेले आहेत, हा त्यामागील अभिमान. जून १९८० मध्ये आलेल्या 'द गेम' या अल्बममध्ये गटाने प्रथमच हे वाद्य स्वीकारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 'फ्लॅश गॉर्डन'मध्ये ते जवळजवळ प्रत्येक रचनेत ऐकू येते. परग्रहावरील अनोळखी वातावरणासाठी अनोळखी ध्वनी हवेत, ही गरज उघड होती. परंतु दहा वर्षे जपलेला नेम मोडल्यावर गटाची ओळख कशात उरते, हा प्रश्नही या अल्बमने उभा केला. त्याचे उत्तर मुख्यतः ब्रायन मे यांच्या गिटारमध्ये सापडते. वडिलांच्या साहाय्याने घरी बनवलेली ही गिटार ते प्लास्टिकच्या नखीऐवजी सहा पेनींच्या जुन्या नाण्याने छेडत. तिचा किंचित खरखरीत, तरीही गाता आवाज यंत्राच्या आवाजांत हरवत नाही.

निर्मिती

अल्बमची निर्मिती ब्रायन मे आणि राइनहोल्ड मॅक यांनी केली. संगीतावरील काम १९८० या वर्षात, गटाच्या इतर ध्वनिमुद्रणांच्या आणि दौऱ्यांच्या धामधुमीतच झाले. चौघांनीही रचनांमध्ये स्वतंत्र वाटा उचलला. मे यांच्याकडे शीर्षकगीत, युद्धाचे प्रसंग आणि शेवट आला. सम्राट मिंगचा दरबार, संमोहनाचा प्रसंग, दरबारातील मारामारी आणि पक्षीमानवांचा हल्ला यांचे संगीत मर्क्युरी यांचे आहे. टेलर यांनी अंतराळयान आणि कारागृह, तर डीकन यांनी फ्लॅशला दिलेली देहदंडाची शिक्षा आणि आर्बोरिया हे वनराज्य हे प्रसंग हाताळले.

चित्रपटातील वाद्यवृंदाच्या भागाची जबाबदारी इंग्रज संगीतकार हॉवर्ड ब्लेक यांच्यावर होती. पुढे १९८२ च्या 'द स्नोमॅन' या चित्रपटाच्या संगीतामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. चित्रपटात ब्लेक यांचे आणि क्वीनचे संगीत एकमेकांत मिसळते. अल्बममध्ये मात्र क्वीनचा वाटा ठळक आहे. चित्रपट पाहून अल्बम ऐकणाऱ्याला काही प्रसंगांचे संगीत वेगळे वाटते, ते या कारणामुळे.

शीर्षकगीत

अल्बमचा आरंभ एका सुराने होतो. खर्जातील हा एकच सूर समान लयीत, न थांबता ठोकला जात राहतो. छातीच्या ठोक्यांसारखी किंवा दूरवरून येणाऱ्या यंत्रासारखी ही धडधड सुरू असतानाच कंटाळलेल्या सम्राट मिंगचे निर्विकार बोलणे ऐकू येते: एका क्षुद्र ग्रहाचा खेळ म्हणून विध्वंस करण्याची त्याची तयारी चालू आहे. त्यानंतर अनेक आवाजांच्या वृंदातून नायकाचे नाव घोषणेसारखे उमटते आणि त्याच्या पाठोपाठ विजेच्या कडकडाटासारखा गिटारचा आघात येतो. चित्रपटात या संगीतावर मूळ चित्रमालिकेतील चौकटी झळकतात. केवळ कानांनी ऐकतानाही एकामागून एक पाने उलटत असल्याचा भास होतो, कारण प्रत्येक ओळ तोडून, वेगळी करून म्हटलेली आहे.

ही रचना घोषणेवर संपली असती, तर ती एक चांगली जाहिरातधून ठरली असती. पण मध्यावर ठोका थांबतो, पियानो पुढे येतो आणि आवाज खाली उतरतो. येथे गीताचा आशयही बदलतो. क्षणापूर्वी ज्याला विश्वाचा तारणहार म्हटले, तो एक साधा मनुष्य आहे आणि त्याच्याजवळ मनुष्याचेच धैर्य आहे, असे हा भाग सांगतो. एरवी अतिमानवाच्या संगीताचे काम त्याला मोठे करून दाखवण्याचे असते. येथे काही क्षण त्याला लहान केले जाते आणि मग तोच ठोका परत येतो. दुसऱ्यांदा ऐकू येणारी घोषणा पहिल्यासारखीच असूनही वेगळी वाटते, कारण ती आता एका सामान्य माणसाविषयी आहे.

चित्रपटाचा एकूण सूर थट्टेचा आहे. भडक रंग, नाटकी हावभाव आणि जाणीवपूर्वक बाळबोध संवाद यांतून तो स्वतःलाच हसतो. क्वीनचे संगीत मात्र कोठेही हसत नाही. ते या गोष्टीवर मुलाच्या निष्ठेने विश्वास ठेवते. चित्रपटातील थट्टा तुच्छतेकडे झुकत नाही, याचे बरेचसे श्रेय या संगीताला द्यावे लागते.

अल्बमचे श्रवण

शीर्षकगीतानंतरच्या रचना बहुधा दीड ते अडीच मिनिटांच्या आहेत, काही तर जेमतेम एका मिनिटाच्या. त्या एकमेकींत विरघळतात. सुटी रचना निवडून ऐकली असता ती अर्धवट वाटते आणि क्वीनची लोकप्रिय गाणी ऐकून या अल्बमकडे वळलेल्या श्रोत्याची निराशा होते ती येथेच. कथेच्या क्रमाने, एका बैठकीत ऐकल्यासच तो उलगडतो.

पहिल्या बाजूवर टेलर यांच्या अंतराळयानातील रचनेत टिंपनीचे संथ आघात आणि सिंथेसायझरचे लांबवलेले सूर आहेत. अज्ञातात फेकल्या गेलेल्या माणसांची भीती त्यांत आहे. मर्क्युरी यांची मिंगच्या दरबाराची रचना थंड आणि जड आहे. तिच्यानंतर येणारे 'फुटबॉल फाइट' हे मात्र निखळ रॉक आहे. या प्रसंगात फ्लॅश, जो चित्रपटात अमेरिकी फुटबॉलपटू आहे, मिंगच्या शिपायांवर चेंडूसारखी वस्तू घेऊन खेळातल्याप्रमाणे चाल करून जातो. संगीतही तसेच धावते. या रचनेचे फेब्रुवारी १९८० मधील एक प्राथमिक रूप अल्बमच्या २०११ च्या विस्तारित आवृत्तीत समाविष्ट झाले आहे. त्यात सिंथेसायझर नाही, पियानो आहे. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली असता गटाच्या जुन्या आणि नव्या वळणांतील अंतर कोणत्याही समीक्षेवाचून कळते.

या बाजूची अखेरची रचना 'द किस' होय. देहदंड दिलेल्या फ्लॅशला मिंगचीच कन्या ऑरा पुन्हा जिवंत करते, असा हा प्रसंग आहे. मर्क्युरी येथे शब्दांवाचून गातात. उंच पट्टीतील त्यांचा स्वर वाद्यांच्या मंद पार्श्वभूमीवर हळूहळू वर चढतो. आलापाची सवय असलेल्या भारतीय श्रोत्याला शब्दांचा अभाव जाणवणारही नाही, परंतु रॉकच्या श्रोत्यासाठी हा प्रकार वेगळाच होता. ज्या गायकाची ख्याती नाट्यपूर्ण शब्दोच्चारामुळे होती, त्याने शब्द बाजूला ठेवून केवळ स्वरावर पुनर्जन्माचा प्रसंग उभा केला आहे. मर्क्युरी यांच्या गायनाची चर्चा करताना ही दोन मिनिटे सहसा वगळली जातात, हे योग्य नव्हे.

मूळ तबकडीवर येथे बाजू संपते. श्रोत्याने उठून तबकडी उलटायची, तेवढा वेळ नायक मृत्यूतून परतलेला आणि कथा अधांतरी. चित्रपटगृहातील मध्यंतराप्रमाणेच ही योजना काम करते. सीडी आणि संगणकावरील श्रवणात हा विराम नाहीसा झाला आहे आणि 'द किस'चा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच आर्बोरियाचे अरण्य सुरू होते. शक्य असल्यास येथे स्वतःहून थांबावे.

दुसरी बाजू गतिमान आहे. डीकन यांची अरण्याची रचना आणि टेलर यांची दलदलीतून सुटकेची रचना या दोन संथ तुकड्यांनंतर पक्षीमानवांचा राजा व्हल्टन याच्या हल्ल्यापासून कथा वेग घेते. व्हल्टनची भूमिका ब्रायन ब्लेस्ड या अभिनेत्याने केली होती. त्याचा गडगडाटी आवाज संगीतात अशा तऱ्हेने गुंफला आहे, की तो जणू पाचवे वाद्य वाटावा. संवादांचा वापर या अल्बममध्ये सर्वत्र आहे. 'शोले'च्या संवादांच्या तबकड्या गाजवणाऱ्या भारतीय श्रोत्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की तेथे संवाद हेच मुख्य होते. येथे ते तालात पडतात, ठोक्यावर संपतात आणि कित्येकदा गिटारच्या प्रवेशाची वाट मोकळी करतात.

मिंग आणि डेल यांच्या बळजबरीच्या विवाहप्रसंगी मे यांनी रिखार्ड वाग्नर यांच्या 'लोहेनग्रिन' या १८५० मध्ये प्रथम सादर झालेल्या संगीतिकेतील वधूप्रवेशाची प्रसिद्ध धून घेतली आहे. पाश्चात्त्य विवाहांत ऑर्गनवर वाजणारी ही मंगल धून त्यांनी एकावर एक चढवलेल्या गिटारच्या थरांतून वाजवली. सूर तेच असले तरी त्यांतील मांगल्य निघून जाते आणि ते धमकीसारखे वाटू लागतात. अवघ्या मिनिटभराच्या या तुकड्यात विनोद आणि भय एकत्र नांदतात. 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' या १९७५ च्या अल्बमच्या शेवटी मे यांनी ब्रिटनचे राष्ट्रगीत याच पद्धतीने वाजवले होते, त्याची येथे आठवण होते.

त्यानंतर यान मिंगच्या नगरीवर आदळते, शीर्षकगीताचा घोष विजयोत्सवाच्या रूपात परततो आणि 'द हीरो' या गीताने अल्बम संपतो. हे गीत चित्रपटाच्या अखेरच्या श्रेयनामावलीवर वाजते. ते अल्बममधील सर्वांत जड रॉक आहे. पस्तीस मिनिटे कथेच्या चाकरीत असलेला गट येथे मोकळा सुटतो.

प्रकाशन व स्वागत

शीर्षकगीताची संक्षिप्त आवृत्ती 'फ्लॅश' या नावाने नोव्हेंबर १९८० मध्ये सिंगल म्हणून निघाली. तिच्यात चित्रपटाच्या निरनिराळ्या भागांतील संवाद एकत्र आणले आहेत. अल्बममधील आवृत्तीहून ती त्यामुळे निराळी आहे आणि बहुसंख्य श्रोत्यांना तीच परिचित आहे. ब्रिटनच्या क्रमवारीत सिंगल आणि अल्बम या दोहोंनी १० वे स्थान गाठले. अमेरिकेत अल्बम २३ व्या, तर सिंगल ४२ व्या स्थानापर्यंत पोहोचले. सिंगल ऑस्ट्रियात प्रथम क्रमांकावर गेले. क्वीनच्या १९८१ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स' संग्रहाच्या ब्रिटिश आवृत्तीत 'फ्लॅश'चा समावेश झाल्याने हे एक गीत अल्बमपासून सुटून कायमचे लोकप्रिय राहिले. उरलेल्या १७ रचनांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

गटाच्या कारकिर्दीच्या आढाव्यांत हा अल्बम बरेचदा 'द गेम' आणि 'हॉट स्पेस' (१९८२) यांच्यामधील एक आडवळण म्हणून उल्लेखला जातो. गीतसंग्रह या मापाने पाहिल्यास ते मत चुकीचे ठरवता येत नाही. मात्र पार्श्वसंगीताला लावायची मापे वेगळी आहेत: प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो का, पात्रे सुरांवरून ओळखता येतात का, सुरुवातीचा ठोका अखेरीस परत आल्यावर त्याचे वजन वाढलेले असते का. या मापांवर अल्बम बराचसा उतरतो. कारागृह आणि दलदल यांच्या रचना मात्र चित्राविना फिक्या पडतात, हेही मान्य करावे लागेल.

प्रत्यक्ष मैफलींत 'फ्लॅश' आणि 'द हीरो' ही जोडी गटाने वापरली. ५ जून १९८२ रोजी इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे झालेल्या कार्यक्रमाचा आरंभ याच दोन रचनांनी झाला होता. त्याचे ध्वनिमुद्रण पुढे प्रकाशित झाले असून स्टुडिओतील संवादांचा संभार वजा केल्यावर 'द हीरो' कसे वाटते, हे त्यात ऐकता येते.

नंतरचे रॉक चित्रपटसंगीत

क्वीनने पुढे १९८६ च्या 'हायलँडर' चित्रपटासाठी गीते रचली आणि ती 'अ काइंड ऑफ मॅजिक' या अल्बममध्ये समाविष्ट केली. तेथे मात्र तुकड्यांचे तंत्र सोडून पूर्ण लांबीची गाणी दिली गेली. अमेरिकेतील टोटो या रॉक गटाने १९८४ च्या 'ड्यून'चे पार्श्वसंगीत केले. १९८९ च्या 'बॅटमॅन'साठी प्रिन्स यांनी स्वतंत्र गीतांचा अल्बम काढला आणि त्यात चित्रपटातील संवादांचे तुकडे वापरले. पार्श्वसंगीत मात्र डॅनी एल्फमन यांनी वाद्यवृंदासाठी रचले होते. रॉक आणि पॉपची गाणी अल्बममध्ये, तर पडद्यावरील प्रसंगांना वाद्यवृंद, अशी विभागणी तेथून रूढ होत गेली.

एकविसाव्या शतकात या प्रकाराने आणखी एक वळण घेतले. २०१० च्या 'आयर्न मॅन २'चा अल्बम म्हणजे एसी/डीसी या गटाच्या पूर्वीच्याच १५ गाण्यांचा संग्रह होता. २०१४ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'च्या अल्बममध्ये १९६० आणि १९७० च्या दशकांतील १२ जुनी गाणी होती आणि तो अमेरिकेच्या क्रमवारीत पहिला आला. केवळ पूर्वप्रकाशित गाण्यांच्या चित्रपट-अल्बमने हे स्थान मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती. तेथे जुनी गाणी ही नायकाने जपून ठेवलेली आईची आठवण आहे, म्हणून ती कथेत शोभतात. पण ती मूळची दुसऱ्या कोणासाठी लिहिलेली होती. क्वीनची गोष्ट याहून वेगळी आहे: त्यांचा प्रत्येक तुकडा विशिष्ट प्रसंगासाठी रचला गेला.

२०१२ च्या 'टेड' या विनोदी चित्रपटात १९८० चा फ्लॅश, म्हणजे अभिनेते सॅम जे. जोन्स, स्वतःच्याच भूमिकेत अवतरतात, तेव्हा त्यांच्या प्रवेशाबरोबर क्वीनचे शीर्षकगीत सुरू होते.